वेळासच्या पुळणीवरची दोरी

मित्रांनो, घरात महाराष्ट्राचा नकाशा असेल तर तो समोर घ्या. रत्नागिरी जिल्हा सापडला? आता बोट हळूहळू वर, अगदी उत्तरेच्या टोकाला न्या. तिथे सावित्री नदी समुद्राला मिळते. खाडीच्या पलीकडे रायगड जिल्ह्यातलं हरिहरेश्वर आणि अलीकडे बाणकोटचा किल्ला. या किल्ल्याच्या थोडं दक्षिणेला, डोंगर आणि समुद्र यांच्या मधे, नारळी-पोफळीत लपलेलं एक छोटं गाव आहे. त्याचं नाव वेळास. तालुका मंडणगड.

पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. त्यातले अर्धे शहाणे म्हणजे नाना फडणवीस. त्यांचं मूळ गाव हेच. पण आज वेळासला जाणाऱ्या बहुतेकांना नाना फडणवीसांपेक्षा दुसऱ्याच कुणाला तरी भेटायचं असतं. हे पाहुणे जेमतेम दीड इंच लांबीचे असतात, त्यांचा रंग ओल्या कोळशासारखा असतो आणि जन्माला आल्या आल्या ते समुद्राकडे चालू लागतात. ही आहेत समुद्री कासवांची पिल्लं!

ही पिल्लं बघायला दरवर्षी फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत मुंबई-पुण्याहून माणसं येतात. पहाटे उठतात, वाळू तुडवत समुद्राकडे जातात आणि एका साध्या दोरीच्या अलीकडे ओळीने उभी राहतात. दोरीच्या पलीकडे पिल्लं, अलीकडे माणसं. आज आपण या दोरीचीच गोष्ट ऐकणार आहोत. ही दोरी दोन फूट पुढे सरकली तर काय होईल? आणि ती इतकी मागे नेली, की माणसांना काही दिसेचना, तर काय होईल? दोन्ही प्रश्न दिसतात तितके सोपे नाहीत बरं का!

रात्रीची पाहुणी

आधी या कासवाची ओळख करून घेऊ. त्याला ऑलिव्ह रिडले म्हणतात. पाठीचा रंग ऑलिव्ह फळासारखा हिरवट-करडा, म्हणून हे नाव. मोठ्या कासवाची पाठ साधारण दोन-सव्वादोन फूट लांब असते आणि वजन पस्तीस ते पंचेचाळीस किलोपर्यंत. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांएवढंच! त्याला आपल्यासारखीच फुप्फुसं असतात, त्यामुळे श्वास घ्यायला त्याला पाण्याच्या वर यावंच लागतं. खेकडे, कोळंबी आणि जेलीफिश हे त्याचं जेवण.

सारा जन्म समुद्रात काढणारा हा प्राणी जमिनीवर येतो तो एकाच कामासाठी, अंडी घालायला. येते ती फक्त मादी आणि तीसुद्धा बहुतेक वेळा रात्री. भरतीच्या रेषेच्या वर कोरडी वाळू गाठायची, मागच्या पायांनी सुरईसारखा, साधारण दीड फूट खोल खड्डा करायचा, त्यात शंभरच्या आसपास अंडी घालायची, वाळू लोटून खड्डा बुजवायचा, अंगाने दाबायचा आणि समुद्रात परत जायचं. झालं तिचं काम! पुन्हा ती त्या घरट्याकडे फिरकतही नाही. अंडी उबवायचं काम ऊन आणि वाळू करतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात.

यात एक गंमत आहे. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळू किती गरम आहे यावर ठरतं. वाळू थोडी थंड असली की नर जास्त आणि गरम असली की माद्या जास्त. आता पृथ्वी तापते आहे म्हणजे काय होतंय, याचा विचार तुम्हीच करा.

कवचं सापडली

वेळासचे लोक समुद्री कासवांना पिढ्यान् पिढ्या ओळखत होते. देवळात गेलं की नंदीजवळ दगडी कासव असतंच, कूर्मावताराची गोष्टही आजी सांगतेच. पण पुळणीवरचं घरटं सापडलं की अंडी काढून खायची किंवा विकायची, हेही चालत आलं होतं. माणसांच्या हातून सुटलेली घरटी कुत्रे आणि कोल्हे उकरत. अशा जागी किती पिल्लं समुद्रापर्यंत पोचणार?

चिपळूणला 'सह्याद्री निसर्ग मित्र' नावाची संस्था आहे. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ मध्ये समुद्रगरुडांची पाहणी करत किनाऱ्यावरून फिरत होते. तेव्हा त्यांना वेळासच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची कवचं दिसली. चौकशी केल्यावर सगळा प्रकार कळला.

आता त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. कायदा दाखवायचा, हा एक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात समुद्री कासवांना सर्वांत वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. त्यांची अंडी उचलणं हा गुन्हा आहे. पण रात्रीच्या अंधारात, मैलभर पसरलेल्या पुळणीवर, पोलीस किती आणि कुठे उभे करणार? त्यांनी दुसरा रस्ता धरला. किनारा ज्यांच्या पायाखालचा, त्यांनाच राखणदार केलं. गावातली मुलं पहाटे पुळणीवर फिरू लागली. मादीच्या पायांचे ठसे ट्रॅक्टरच्या चाकासारखे वाळूत उमटतात. त्या ठशांवरून घरटं शोधायचं, अंडी अलगद काढायची आणि कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुन्हा ठेवायची. या जागेला हॅचरी म्हणतात.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. अंडी घातल्यावर काही तासांतच आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. मग अंडं उलटंसुलटं झालं किंवा हिसकलं, तर तो मरतो. म्हणून अंडी लवकर शोधावी लागतात आणि हलवताना अंड्याची वरची बाजू वरच ठेवावी लागते. पहिल्याच वर्षी पन्नास घरटी वाचली आणि अडीच हजारांहून जास्त पिल्लं समुद्रात गेली.

मग माणसांना का बोलावलं?

आता तुम्ही विचाराल, अंडी वाचली, पिल्लं वाचली, मग काम झालं की! मुंबई-पुण्याची गर्दी कशाला बोलवायची? कासवाला तर शांतता हवी ना?

प्रश्न अगदी बरोबर आहे. पण थोडं गावाच्या बाजूने बघा. वेळासमध्ये शेती थोडी, नोकऱ्या नाहीतच. तरुण मुलं मुंबईला जातात. जो माणूस रात्री-अपरात्री उठून पुळण राखतो, त्याच्या घरची चूलही पेटायला हवी. अंड्यांतून मिळणारे चार पैसे सोडा, असं नुसतं म्हणून भागत नाही.

म्हणून २००६ मध्ये वेळासला पहिला कासव महोत्सव झाला. नाव महोत्सव, पण तिथे ना लाउडस्पीकर, ना पाळणे. हॉटेलंही नव्हती. पाहुण्यांनी गावकऱ्यांच्या घरातच राहायचं, ओटीवर किंवा माजघरात पथारी पसरायची, घरच्यांनी रांधलेलं जेवायचं. सकाळी घावन नाहीतर आंबोळ्या, दुपारी भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी आणि कधी केळीच्या पानावर उकडीचा मोदक. पैसे थेट त्या घरात. पुढे या कामात गावकरी आणि वनखातं यांचा वाटा वाढत गेला.

काय बदललं सांगू? पूर्वी घरट्यातल्या अंड्यांचे पैसे एकदाच मिळत आणि तेही एकाच माणसाला. आता पिल्लू जिवंत राहिलं, तर गावातल्या कितीतरी घरांना दरवर्षी मिळतात. ज्या मावशी पाहुण्यांना जेवू घालतात, त्यांनाच आता पुळणीवर कुत्री हिंडू नयेत असं वाटतं. राखणदार एक होता, आता सारं गाव झालं!

हेच काम मग आंजर्ले, गुहागर, गावखडी अशा रत्नागिरी जिल्ह्यातल्या इतर किनाऱ्यांवरही पसरलं. राखण करणाऱ्यांना सगळे 'कासवमित्र' म्हणू लागले.

पहाटेची गोष्ट

चला, आता प्रत्यक्ष पुळणीवर जाऊ. सकाळी साधारण सात आणि संध्याकाळी सहा, या दोन वेळा. सुरूच्या झाडांमधून पुढे गेलं की उघडी वाळू लागते. एका बाजूला जाळीचं कुंपण, आत ओळीने उपड्या घातलेल्या टोपल्या. प्रत्येक टोपलीखाली एक घरटं. सगळे श्वास रोखून बघत असतात. कासवमित्र एकेक टोपली उचलतात. कधी खाली नुसती वाळूच असते. कधी वाळू किंचित खचलेली असते आणि कधी एक इवलंसं डोकं वर आलेलं असतं.

पिल्लं एकेकटी बाहेर येत नाहीत. अंड्यातून निघाल्यावर सगळी मिळून वाळू खाली पाडत दोन-तीन दिवसांत वर सरकतात. एकट्याला जे जमणार नाही, ते शंभर जण मिळून करतात.

बाहेर आलेली पिल्लं टोपलीत घेऊन पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात. तुम्हाला वाटेल, थेट पाण्यातच का नाही सोडत? बिचाऱ्यांचे कष्ट वाचतील! पण ती चाल फार महत्त्वाची असते. मोठी झाल्यावर माद्या ज्या किनाऱ्याच्या परिसरात जन्मल्या, तिकडेच अंडी घालायला परत येतात. त्या किनाऱ्याची ओळख पिल्लू याच पहिल्या प्रवासात मनात साठवतं, असं शास्त्रज्ञ मानतात.

पिल्लाला समुद्र कसा कळतो? उजेडावरून. रात्री समुद्राकडचं क्षितिज झाडीपेक्षा उजळ दिसतं. पिल्लू त्या उजेडाकडे जातं. आता विचार करा, मागच्या बाजूला कुणी मोठा दिवा लावला, मोटारीचे हेडलाइट लावले किंवा दहा जणांनी मोबाइलचे बॅटरी-दिवे लावले, तर? पिल्लू बिचारं उलटं चालू लागेल!

दोरी कुठे बांधायची?

आता आपण त्या दोरीपाशी आलो.

दोरीच्या अलीकडे शंभर-दोनशे माणसं उभी आहेत. रात्रभर प्रवास करून आलेली. एखादा छोटा मुलगा म्हणतो, "दादा, एकदाच हातात घेऊ?" कासवमित्र दादा हसून मान हलवतो. मुलाचं तोंड एवढंसं होतं. दादाला वाईट वाटत नसेल? वाटतं. पण एकाला दिलं की शंभर हात पुढे येणार.

पिल्लाच्या पोटात अंड्यातल्या बलकाचा थोडा साठा शिल्लक असतो. पुढचे काही दिवस, किनाऱ्यापासून दूर खोल समुद्र गाठेपर्यंत, त्याच शिदोरीवर ते पोहत राहतं. त्यामुळे पिल्लं बाहेर आली, पण पाहुण्यांची बस अजून यायची आहे, म्हणून त्यांना तासन् तास टोपलीत वळवळत ठेवलं, तर शिदोरी वाटेतच संपते. ऊन चढल्यावर तापलेल्या वाळूत सोडलं, तर पाण्यापर्यंत पोचणंही मुश्कील. थोडक्यात सांगायचं तर वेळ ठरवायची ती पिल्लांच्या सोयीने, आपल्या नाही.

आणखी एक अडचण आहे, ती सहसा आपल्या लक्षात येत नाही. सगळीच घरटी टोपलीखाली नसतात. एखादं घरटं नजरेतून सुटतं आणि पुळणीत तसंच राहतं. शेकडो पावलं त्यावरून गेली, मोटारसायकली फिरल्या, की वाळू दबून घट्ट होते आणि खालची पिल्लं गुदमरतात. रात्री किनाऱ्यावर आरडाओरडा आणि झगमगाट असला, तर अंडी घालायला आलेली मादी पाण्यातूनच परत फिरते.

मग पुळण माणसांना बंदच करून टाकावी का? काही ठिकाणी तसं आहेही. ओडिशातल्या गहिरमाथा किनाऱ्यावर याच जातीची लाखो कासवं एकदम अंडी घालायला येतात. १९९७ मध्ये ते सागरी अभयारण्य झालं आणि तिथे वाट्टेल त्याला वाट्टेल तेव्हा जाता येत नाही. लाखो कासवं जिथे येतात, तिथे ते योग्यच आहे. पण वेळासची पुळण गावाची आहे. तिथे होड्या लागतात, जाळी सुकतात, मुलं खेळतात. तिला कुलूप घातलं तर गाव तिच्यापासून तुटेल आणि राखण करायला पुन्हा कुणीच उरणार नाही.

मधला मार्ग जगात इतरही काही ठिकाणी शोधला गेलाय. मध्य अमेरिकेत कोस्टा रिका देशात टॉर्तुगेरो नावाची जागा आहे. तिथेही पूर्वी कासवं आणि अंडी सर्रास मारली-विकली जात. १९७५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. आज तिथे रात्री कासवं बघता येतात, पण स्थानिक वाटाड्याबरोबर, छोट्या गटाने आणि कॅमेरा न घेता. पूर्वी कासवांवर ज्यांचं पोट होतं, त्यांचं आजही कासवांवरच आहे. फक्त आता कासव जिवंत असतं!

तेव्हा मित्रांनो, दोरी अगदीच काढून टाकली तर पिल्लं जातील. ती पार मागे नेली तर गावाचा पाठिंबा जाईल. ती नेमकी कुठे असावी, हे दरवर्षी नव्याने बघावं लागतं. गर्दी वाढली की कासवमित्रांना ती मागे घ्यावी लागते. तेव्हा "एवढे पैसे खर्च करून आलो, आणि नीट दिसलंही नाही," अशी कुरकुर करायची नाही, एवढं काम आपलं.

दूरदेशीच्या वाटा

वेळासची पिल्लं पाण्यात गेल्यावर पुढे काय होतं? हजार पिल्लांमधलं एखादंच मोठं होतं, असं म्हणतात. बाकीची मासे, पक्षी खातात, काही माणसाने टाकलेल्या नायलॉनच्या जाळ्यात अडकतात. जी वाचतात, ती कुठे जातात?

हे कोडं सोडवायला जानेवारी २०२२ मध्ये वेळासलाच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं छोटं यंत्र बसवलं. तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. भारतीय वन्यजीव संस्थान आणि महाराष्ट्राचं कांदळवन प्रतिष्ठान यांनी हे काम केलं. प्रथमा उत्तरेला गुजरातच्या समुद्राकडे गेली. पुढच्या वर्षी गुहागरला यंत्र बसवलेली 'बागेश्री' मात्र दक्षिणेला निघाली. कर्नाटक, केरळ मागे टाकून, श्रीलंकेला वळसा घालून ती थेट बंगालच्या उपसागरात शिरली!

याहून मोठं नवल जानेवारी २०२५ मध्ये घडलं. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पुढच्या पायाला धातूची पट्टी होती. तिच्यावर क्रमांक होता ०३२३३. ही पट्टी २०२१ मध्ये ओडिशात लावलेली! म्हणजे देशाच्या पूर्व किनाऱ्यावरची मादी साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आपल्या कोकणात आली होती. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं समजून चालणार नाही. एका गावाने राखलेली पुळण साऱ्या समुद्राच्या उपयोगी पडते, ती अशी.

सड्यावरचे शेजारी

समुद्राकडे पाठ करून थोडं वर चढलात की रत्नागिरीचे सडे लागतात. जांभ्या दगडाची सपाट, उघडी पठारं. उन्हाळ्यात ती ओसाड वाटतात, पण पहिला पाऊस पडला की डबक्याडबक्यातून बेडूक ओरडू लागतात. डोर्ले गावात तर 'देवगांडूळ' या अजब प्राण्याची एक नवी जात सापडली. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी तिची नोंद केली. दिसतो गांडुळासारखा, पण त्याला पाठीचा कणा असतो आणि नातं असतं बेडकाशी!

या प्राण्यांभोवती ना टोपली असते, ना दोरी, ना शिट्टी वाजवणारे कासवमित्र. कातळशिल्पं बघायला किंवा पावसात भिजायला आपण सड्यावर जातो. गंमत म्हणून दगड उलथतो, डबक्यात मोटारसायकल घालतो. त्या दगडाखाली कुणाचं तरी घर असतं, डबक्यात कुणाची तरी अंडी असतात. तिथली दोरी आपणच आपल्यासाठी आखून घ्यायची. दगड उचललाच तर तसाच हलक्या हाताने जागेवर ठेवायचा. नाही उचलला तर उत्तमच!

वेळासला जाल तेव्हा

परीक्षा संपल्यावर आई-बाबांकडे हट्ट धराच. मुंबई-पुण्याहून माणगावमार्गे मंडणगड आणि तिथून वेळास. किंवा हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरा आणि बाणकोटवरून या. गाडीसकट बोटीत चढण्याची मजा वेगळीच!

मात्र एवढं लक्षात ठेवा:

निघण्याआधी गावात फोन करून घरटी कधी फुटण्यासारखी आहेत ते विचारा आणि राहण्याची सोय आधीच करा.

शनिवार-रविवार टाळता आला तर बघा. गर्दी कमी, आणि गावालाही आठवडाभर काम मिळतं.

पुळणीवर गाडी न्यायची नाही. रात्री कासवमित्रांशिवाय तिकडे जायचं नाही.

फ्लॅश नाही, बॅटरी नाही, पिल्लाला हात लावणं तर नाहीच नाही.

प्लॅस्टिकची पिशवी पाण्यात तरंगू लागली की कासवाला ती जेलीफिश वाटते. तेव्हा आपला कचरा आपल्याबरोबर घरी.

आणि शेवटचं, सगळ्यात अवघड. कदाचित तुम्ही दोन दिवस राहाल, चारही वेळा पुळणीवर जाल आणि एकाही टोपलीखाली पिल्लू नसेल. होतं असं. घरटी वेळापत्रक बघून फुटत नाहीत. तेव्हा रुसू नका. बाणकोटचा किल्ला बघा, खाडीतल्या होड्या बघा, पोटभर घावन खा. तुम्ही दिलेल्या पैशांतून तो दादा दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पुळणीवर जाणारच आहे. तुम्ही शाळेच्या बाकावर बसलेले असाल, तेव्हा तुम्ही न बघितलेलं ते पिल्लू लाटेत शिरेल.